सगळ्या वायरींना एकच ऑप्टोकपलर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हौशी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापणारं-कोरणारं मशीन) बांधणारे आज नागपुरात कमी नाहीत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट आहेत, हिंगणा एमआयडीसीच्या आसपासची लहान वर्कशॉप आहेत, एमडीएफच्या जाळ्या आणि नेमप्लेट कापणारे घरगुती व्यावसायिक आहेत. मशीनची फ्रेम, स्क्रू, बेअरिंग यांवर ही मंडळी जीव ओततात. कंट्रोल बॉक्समधलं आयसोलेशन (दोन सर्किट विजेने एकमेकांपासून वेगळी ठेवणं) मात्र ‘ऑप्टोकपलर लावला की झालं’ एवढ्यावर सोडून देतात. ऑप्टोकपलर म्हणजे वायरीच्या जोडाऐवजी आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे देणारा भाग. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) ऑप्टोकपलर मागितला की बहुधा पीसी ८१७ हातात पडतो आणि तोच सगळ्या वायरींवर लागतो. मग मशीन हळू चालवलं तर माप बरोबर, जोरात पळवलं की चूक. दोष मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या बिचाऱ्या कपलिंगला नाहीतर सॉफ्टवेअरला दिला जातो. म्हणून हे सविस्तर पत्र.

पीसी ८१७ वाईट नाही, पण तो मंद आहे. डेटाशीटमध्ये त्याचा राइज टाइम ४ मायक्रोसेकंद दिसतो, तो १०० ओहमच्या लोडवरचा. आपण लावतो ४.७ किंवा १० किलोओहमचा पुलअप (आउटपुटला प्लसकडे ओढणारा रेझिस्टर). तिथे आतला ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट होतो. चालू पटकन होतो, पण बंद व्हायला ३०-४० मायक्रोसेकंदही घेतो. आता हिशेब पाहा. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू आणि एका फेऱ्याला १६०० मायक्रोस्टेप (मोटरची बारीक पावलं, दर पावलाला एक पल्स) धरले तर १ मिमीला ३२० पल्स होतात. मिनिटाला ३००० मिमी वेगाने सेकंदाला १६,००० पल्स, म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदांना एक. जीआरबीएलचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरचा) पल्स मुळात १० मायक्रोसेकंदांचा असतो. पीसी ८१७ मधून तो ४५-५० चा होऊन बाहेर पडतो आणि मधली फट जेमतेम उरते. वेग आणखी वाढवला की फट बुजते, दोन पल्सचा एक होतो आणि स्टेप हरवतात.

मोटरची दिशा सांगणाऱ्या डायरेक्शनच्या वायरीवर याहून फसवी गोष्ट घडते. चालू होणं जलद आणि बंद होणं मंद असल्यामुळे दिशा एका बाजूला वळताना वेळेवर बदलते, दुसऱ्या बाजूला वळताना उशिरा. तेवढ्यात आलेली पहिली स्टेप जुन्याच दिशेने पडते. चूक दोन्हीकडे सारखी असती तर फिटली असती. इथे ती एकाच बाजूला साचत जाते. तासभर चाललेल्या कोरीव कामात डिझाइन हळूहळू सरकलेलं दिसलं, तर आधी ही वायर तपासावी.

खरं तर स्टेप आणि डायरेक्शनला बाहेरून ऑप्टो लावायची गरज बहुतेक वेळा नसतेच. डीएम ५४२ सारख्या, मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या पल्स, डायरेक्शन आणि एनेबल या इनपुटांवर आतच ऑप्टो असतो. त्याला ७ ते १६ मिलिअँपिअर करंट नीट मिळाला पाहिजे, एवढंच. ईएसपी ३२ या कंट्रोलर बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून तो काठावर मिळतो, म्हणून मध्ये ५ व्होल्टवर चालणारा ७४एचसीटी२४५ बफर (सिग्नलला बळ देणारा आयसी) घालावा. ड्रायव्हरला ऑप्टो नसलेलं उघडं इनपुट असेल तरच वेगळा ऑप्टो घ्यावा आणि तो ६एन१३७ असावा. त्याचा विलंब १०० नॅनोसेकंदांच्या आत असतो. मात्र त्याच्या काही अटी आहेत: एलईडीला १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट, आउटपुटला १ किलोओहमच्या आतबाहेरचा पुलअप, आणि पिन ५ व ८ यांच्यामध्ये अगदी आयसीला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. हा कपॅसिटर गाळला तर आयसी स्वतःच खोटे पल्स तयार करू शकतो. आउटपुट उलटं येतं, तेव्हा जीआरबीएलमध्ये पल्स इन्व्हर्टची सेटिंग बदलावी लागते.

पीसी ८१७ ची खरी जागा लिमिट स्विच (हद्द संपल्याचं सांगणारा), होमिंग सेन्सर (सुरुवातीची जागा शोधणारा) आणि प्रोब (हत्याराची उंची मोजणारा). तिथे वेगाची घाई नसते आणि लांब वायरींवर स्पिंडलचा (कापणाऱ्या मोटरचा) नॉइज भरपूर असतो. या वायरी २४ व्होल्टवर चालवाव्यात. एनपीएन प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ येताच आउटपुट मायनसला जोडणारा) असेल तर २४ व्होल्टपासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे ऑप्टोचा एलईडी, आणि त्याचा कॅथोड सेन्सरच्या आउटपुटला. करंट साधारण ४.८ मिलिअँपिअर बसतो. काही जण २.२ किलोओहम लावतात; त्यात पाव वॉटच्या रेझिस्टरवर जवळजवळ पाव वॉटच जळतो आणि तो काळा पडतो. एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड जरूर लावावा, कारण हा एलईडी उलटे ६ व्होल्टच सोसतो. आउटपुटला १० किलोओहमचा पुलअप, मग १ किलोओहम व ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर आणि ७४एचसी१४ (सिग्नलच्या कडा साफ करणारा आयसी). ऑप्टो चालू होताना या फिल्टरने साधारण ०.१ मिलिसेकंदाचा उशीर होतो; सेकंदाला २५ मिमी वेगातही तो अडीच मायक्रॉन भरतो, कुणाचं काही बिघडत नाही.

घेताना ग्रेडचं अक्षर पाहावं. साध्या पीसी ८१७ चा सीटीआर (एलईडीतल्या करंटच्या किती टक्के करंट आउटपुटला मिळतो तो आकडा) ५० टक्क्यांपासून सुरू होतो, ‘सी’ ग्रेडचा २०० ते ४०० टक्के. वय आणि उष्णतेने एलईडी मंदावतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना व्हीएफडीशेजारच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या यंत्राशेजारच्या) बंद डब्यात काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून ‘सी’ ग्रेडच घ्यावा आणि सीटीआर निम्मा धरून हिशेब करावा. घरी तपासणी सोपी आहे: ५ व्होल्टवरून ७५० ओहममधून एलईडीला साधारण ५ मिलिअँपिअर द्यावा, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टर मिलिअँपिअर रेंजवर ठेवलेल्या मीटरमधून ५ व्होल्टला. ‘सी’ ग्रेड असेल तर मीटर १० ते २० मिलिअँपिअर दाखवतो. ३-४ दाखवत असेल तर छापलेलं अक्षर खोटं. बर्डीच्या दुकानदारांना विनंती, की बिलावर नुसतं ‘ऑप्टो’ न लिहिता नंबर आणि ग्रेड लिहावा.

स्पिंडलच्या वेगाचा पीडब्ल्यूएम (चालू-बंद वेळेच्या प्रमाणातून वेग सांगणारा सिग्नल) १ किलोहर्ट्झच्या आसपास असतो; तिथे पीसी ८१७ ने ३-४ टक्क्यांची चूक येते, ती लाकूडकामात चालते.

सगळ्यात जास्त घोटाळा ग्राउंडचा. उत्तम ऑप्टो लावायचा आणि यूएसबीच्या ५ व्होल्टचं मायनस २४ व्होल्टच्या मायनसला जोडून टाकायचं, असं केलं की आयसोलेशन उरतच नाही. स्पिंडल सुरू होताच यूएसबी तुटते, ती बहुधा याच मार्गाने. कंट्रोलरची बाजू आणि मशीनकडची (फील्ड) बाजू, दोन्हींना स्वतंत्र सप्लाय हवा. फील्ड बाजूचे ५ व्होल्ट २४ वरून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने) घ्यावेत, नाहीतर बी०५०५एस हा आयसोलेटेड मॉड्यूल वापरावा. पीसीबीवर ऑप्टोच्या पोटाखाली तांबं नको. शेवटी सगळं बंद करून, प्लग आणि यूएसबी काढून, दोन्ही मायनसमध्ये मीटर लावावा: किलोओहम दिसले तरी कुठेतरी जोड राहिला आहे.

आयसोलेशन म्हणजे अर्थिंग नव्हे. व्हीएफडी, स्पिंडल आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) यांच्या बॉडी एकाच अर्थ पॉइंटला घट्ट बांधाव्यात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थचा रेझिस्टन्स चढतो. एप्रिलपासून त्यात नियमित पाणी घालावं. आणि इमर्जन्सी स्टॉप कधीही ऑप्टोमधून कंट्रोलरला देऊन थांबू नये. त्याने काँटॅक्टरमार्फत (जड वीज तोडणाऱ्या स्विचमार्फत) स्पिंडल आणि ड्रायव्हरची वीजच तोडली पाहिजे.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर