बुकिंग करायच्या आधी वाच

प्रिय अन्या,

माझ्याकडे आहे त्याच हायब्रिड एसयूव्हीचं बुकिंग तू करतोयस असं वहिनींकडून कळलं. फोनवर मला नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. आठवडाभर थांब.

जुलैत आम्ही मुंबईहून पुण्याला येत होतो. आई मागे झोपली होती. खोपोली सोडून एक्सप्रेसवेचा चढ लागला, पाऊस मुसळधार. पूर्वी अमृतांजन पूल होता त्याच्या अलीकडे गाडीने एक हिसका दिला आणि ओढच गेली. इंजिन चालू, ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, पण चाकं ढिम्म. समोर लाल अक्षरांत सूचना: सुरक्षित जागी थांबा. कुठे थांबणार? डावीकडे कंटेनरची रांग, मागून हॉर्न, आणि गाडी मागे घसरायला लागलेली. ब्रेक लागले म्हणून वाचलो. आईला भर पावसात कठड्यापलीकडे नेऊन उभं केलं, तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून आठवतो.

या गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आहे, ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसवलेली आहे. इंजिन जोडायला-सोडायला एक वेगळा क्लच आहे, आणि तो कधी धरायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. तिथे घोळ झाला की तुझ्या हातात काहीच उरत नाही. क्रेनवाला पुढची चाकं उचलून न्यायला निघाला होता, मी अडवलं. चाकं जमिनीवर फिरली तर मोटरही फिरून वीज तयार करू शकते. अशी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर, चारही चाकं चढवूनच न्यायची.

सर्व्हिस सेंटरने तीनदा गाडी घेतली. दोनदा 'ट्रायल घेतली, फॉल्ट आला नाही' असं लिहून परत दिली. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून टाकले की पुरावाही जातो, हे मला उशिरा कळलं. तिसऱ्यांदा कोडची प्रिंट हातात आल्याशिवाय मी जॉबकार्डवर सही केली नाही. तेव्हा कुठे क्लचचं नाव निघालं.

आणि हे माझ्या एकट्याच्या नशिबाचं नाही. २०११ मध्ये टोयोटाने अमेरिकेत २००६-०७ च्या सुमारे ८२ हजार हायब्रिड एसयूव्ही परत बोलावल्या होत्या. त्यात त्यांच्याच लेक्सस ब्रँडची आरएक्स ४००एच होती. बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या सर्किटचं सोल्डरिंग कच्चं होतं. जास्त भार आला की ते तापायचं आणि गाडी वाटेत बंद पडू शकायची. माझी गाडी वेगळ्या कंपनीची, दोषही वेगळा. पण टोयोटाने आपला दोष कबूल केला, गाड्या बोलावल्या. मला तेवढंच हवंय.

आपल्याकडेही १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. मी केली आहे. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची, आणि मोजलेली किंमत ५० लाखांच्या वर असल्याने मला जिल्ह्याऐवजी राज्य आयोगाकडे जावं लागेल. वकिलांना कागद दिलेत.

तुमचं घर महाबळेश्वरला, म्हणजे पसरणी घाट दर महिन्याला. मागच्या सीटवर चिनू असणार. मला तेच डोळ्यांपुढे येतं.

शनिवारी ये. तिन्ही जॉबकार्डं काढून ठेवतो. आई तुझी आठवण काढत असते, तिलाही भेटशील.

तुझा,
बंड्या