रोज एक कविता : हा रियाज आहे

मा. संपादक,

एप्रिल महिन्यात रोज एक कविता लिहायची, हा उपक्रम अमेरिकन कवयित्री मॉरीन थॉर्सन यांनी २००३ मध्ये सुरू केला. ३० दिवस, ३० कविता. ‘रतीब घालून का कविता होते?’ असं नाक मुरडणारे बरेच भेटतात. अहो, हा रियाज आहे, मैफल नव्हे!

नुसतं ‘रोज लिहा’ म्हटलं की चार दिवसांत गाडी अडते, म्हणून नेमका स्वाध्याय हवा. मला आवडतो तो असा : अष्टाक्षरी लिहायची, पण चंद्र, पाऊस, आठवण हे शब्द वर्ज्य. ‘आठवणींचा पाऊस’ ही ओळ बरोब्बर आठ अक्षरांत बसते, म्हणूनच ती आयती हाताशी येते. ती खोडली की जरा डोकं खाजवावं लागतं आणि मग ‘छत्रीखालचं डबकं’ सुचतं. अक्षरं तितकीच, पण आता काहीतरी दिसतं.

खटकते ती घाई. शाई वाळायच्या आत कविता समूहावर, आणि ‘वा, क्या बात’ची वाट पाहणं सुरू! महिनाभराचं लिखाण आधी वहीतच मुरू द्यावं. बहुतेक कच्चंच निघतं, माझंही.

आपण पुरवणीत महिनाभर रोज एक स्वाध्याय छापावा, ही विनंती. कविता मात्र कृपया मागवू नयेत.

आपली,
एक वाचक