‘पश्चात परिवार’ आणि लेक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या सरांची निधनवार्ता आली. आठ ओळी का होईना छापल्यात, आभार. शेजारीच एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस पाव पानभर होता, पण त्याचे पैसे येतात, निधनाचे येत नाहीत. असो.

सरांना तुम्ही ‘मानसोपचारतज्ज्ञ’ केलेत. त्यांनी जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवले. पहिल्याच तासाला सांगायचे, “मी पीएच.डी.चा डॉक्टर. झोपेच्या गोळ्या मागायला येऊ नका.” तरी लोक यायचेच. या चुकीची त्यांना हयातीतच सवय होती.

पण ‘पश्चात पत्नी, मुलगा, सून, दोन नातू’? आणि ताई? शेवटची चार वर्षे सर आणि बाई ज्या लेकीकडे राहिले, ती कुठे गेली?

किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तेव्हा मी एम.ए.ला होतो. पंधरा दिवसांनी सर आम्हा सहा जणांना तिकडे घेऊन गेले. एसटीतच बजावले, “कसं वाटतंय, असं कुणाला विचारायचं नाही. बोलतील ते ऐका. पाणी भरायचं असेल तर पाणी भरा.” पत्र्याच्या शेडपुढे एक म्हातारबा बसले होते. आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलेले घर दगडमातीच्या भिंतींखाली गेलेले. थोरला, मधला, दोन नातू... बोटांवर मोजत होते, कोरड्या डोळ्यांनी. पंचनाम्याला सांगून सांगून पाठ झालेले. सरांनी हळूच विचारले, “बाबा, अन् लेकी?”

बोटे थांबली. “एक होती. महालक्ष्म्यांना आलती. मीच म्हनलं, गनपती बोळवून जा.” मग जे रडले! सर तिन्हीसांजेपर्यंत त्यांचा हात धरून बसले, आमची शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर सर कितीतरी वेळ ताईला अभ्यासातून उठू देईनात, नुसते शेजारी बसून राहिले, असे बाई सांगायच्या.

वार्ता कुणी लिहून दिली ते मला ठाऊक आहे, त्यात पडत नाही. तुमच्या बातमीदाराने मात्र सरांचा तो एक प्रश्न विचारायला हवा होता.

दुरुस्तीत ‘मुलगी, जावई, नात’ असे छापावे. आणि सोमवारी छापू नये; सोमवारचा अंक आमच्या गावी पोचतच नाही, हे दोनदा कळवून झाले आहे.

आपला,
एक माजी विद्यार्थी, ता. औसा