सेमोंकाँगच्या पायवाटा

माननीय संपादक,

आफ्रिकेची सहल म्हणजे जीपमधून सिंह पाहणे, एवढीच समजूत आपल्याकडील पर्यटनलेखनातून पसरते, याचे मनापासून वाईट वाटते. लेसोथो या डोंगराळ देशात सेमोंकाँग या दुर्गम गावाजवळच्या पर्वतनिवासातून निघून, मेंढपाळांच्या पायवाटेने चालत किंवा खडकाळ उतारावरही पाऊल न चुकणाऱ्या बासोथो या स्थानिक जातीच्या तट्टावर बसून, १९२ मीटर उंचीच्या मालेत्सुन्याने धबधब्यापर्यंत जाता येते. त्याच्या तुषारांमुळेच गावाला ‘धुराचे ठिकाण’ या अर्थाचे नाव पडले. धाडसी पर्यटक तेथील कडा दोराने उतरतात. मला मात्र स्थानिक वाटाड्यासोबतची पायी भटकंतीच अधिक मोलाची वाटते, कारण तीत डोंगराबरोबर माणसेही भेटतात. अशा भटकंतीवर आपण सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला एक वाचक