बीटी पावडर अळी येण्याआधी गावात पोचू द्या : कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला सोयाबीनवाला शेतकरी. जुलै संपत आला, झड थांबून उघडीप पडली की आमच्याकडे हिरवी उंटअळी दिसायला लागते, आधी पानाला बारीक भोकं आणि दुर्लक्ष झालं तर नुसत्या शिरा उरतात, मग सगळे दुकानात पळतात आणि दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारतात. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, तरी हे मिसळणं थांबलेलं नाही.

साहेब, बीटी कापूस सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याचं जीन त्या कापसात घातलंय तो मातीतलाच जिवाणू, बॅसिलस थुरिंजेन्सिस, पावडर म्हणून फवारता येतो हे फार कमी लोकांना माहीत आहे. अळीनं फवारलेलं पान खाल्लं की त्यातलं प्रथिन तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं, काही तासांत तिचं खाणं बंद होतं. मरायला मात्र दोन-चार दिवस लागतात, आणि इथंच घोळ होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी अळी पानावर जिवंत दिसली की माणूस म्हणतो औषध बोगस आहे आणि परत जहाल विष आणतो. कृषी सहायकांनी बांधावर उभं राहून त्या सुस्तावलेल्या अळीच्या खालचं पान दाखवावं, नवीन भोक पडलेलं नसतं, ते एकदा बघितलं की पटतं. मधमाश्या आणि ढालकिडेही वाचतात.

पण माल ताजा पाहिजे. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेला, एक्सपायरी जवळ आलेला पुडा हातात आला तर जिवाणूचा काय दोष? आणि सरकारी वाटप ऑगस्ट सरताना झालं तर उपयोग शून्य, कारण हे चालतं बारक्या अळीवर, मोठी झाली की दाद देत नाही. उन्हात पण लवकर निकामी होतं, त्यामुळे फवारणी संध्याकाळी, हे पुड्यावर मोठ्या मराठी अक्षरात छापायला लावा. स्पोडोप्टेरा (तंबाखूची पानं खाणारी) अळीवर बीटी तेवढी चालत नाही, तिथं एसएलएनपीव्ही, म्हणजे त्या अळीला रोग लावून मारणारा विषाणू द्या, उगाच एकच पुडा सगळ्याला नको.

आणखी एक, हे विसरू नका. मराठवाड्यात तुतीवाले वाढलेत, रेशीम कीडा पण अळीच आहे. १९०१ ला जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू मेलेल्या रेशीम अळ्यांतच सापडला होता. तुतीशेजारच्या शेताला ही पावडर देताना ती तुतीच्या पाल्यावर उडू देऊ नका अशी सक्त सूचना पाहिजे.

तर मागणी एवढीच, की जूनअखेर प्रत्येक तालुक्यात ताजा, सावलीत ठेवलेला, तारीख तपासलेला माल पोचावा आणि पहिली फवारणी कृषी सहायकांनी गावातल्या एका तरी शेतात करून दाखवावी. यंदाच्या खरिपाआधी आदेश निघावा ही कळकळीची विनंती.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक सोयाबीन शेतकरी