पेशीतली गर्दी दाखवणाऱ्या चित्रकारास अनावृत आभारपत्र

सन्माननीय डॉ. डेव्हिड गुडसेल यांस,
सा. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स रिसर्च या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधन करता करता आपण जलरंगांत पेशीचे अंतरंग रंगवत आलात, आणि ती चित्रे मी गेली काही वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना वापरत आले आहे. आपली माझी ओळख नाही. तरीही हे ऋण जाहीरपणे मान्य करावे, आणि ज्या शिक्षकांपर्यंत ही चित्रे अजून पोहोचली नसतील त्यांनाही ती कळावीत, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या मनातली पेशी ही बहुधा प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधली पेशी असते: एक लांबट वर्तुळ, मध्ये केंद्रक, कडेला दोन-चार तंतुकणिका आणि उरलेली सगळी जागा कोरी. नावे देण्यासाठी ती आकृती सोयीची आहे आणि मीही ती काढून घेते. पण त्या कोऱ्या जागेमुळे पेशीत बहुतेक ठिकाणी काही नसतेच, असा मुलांचा पक्का समज होतो. आपल्या ई. कोलाय जिवाणूच्या चित्रात बोट ठेवायलाही रिकामी जागा सापडत नाही. हिरव्या पेशीभित्तिकेच्या आत निळी विकरे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने), जांभळी रायबोझोम (प्रथिने बनवणारे कण) आणि त्यांच्यामधून जाणारे एमआरएनएचे, म्हणजे डीएनएवरचा संदेश रायबोझोमपर्यंत नेणाऱ्या रेणूंचे, पांढरे धागे एकमेकांना खेटून आहेत. पलीकडे पिवळा डीएनए प्रथिनांभोवती वेढे घेत गेलेला आहे. ही दाटी आपल्या कल्पनेतून आलेली नाही, याचे मला विशेष मोल वाटते. रेणूंचे आकार क्ष-किरण स्फटिकशास्त्रासारख्या पद्धतींतून, त्यांचे प्रमाण जीवरसायनशास्त्राच्या मोजमापांतून आणि त्यांच्या जागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कळतात; वेगवेगळ्या प्रयोगशाळांत विखुरलेली ही माहिती आपण एका कागदावर आणलीत.

हे चित्र दहा लाख पट मोठे आहे, हे सांगून मुलांना काही कळत नाही. ते मोजावे लागते. म्हणून त्याचा एक भाग मी त्याच मापात छापून घेतला आणि मुलांच्या हातात पट्ट्या दिल्या. जिवाणूतले रायबोझोम सुमारे २० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर हा मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे चित्रात २ सेंटीमीटर भरायला हवे, आणि ते तेवढे भरले. मग त्याच मापाने अख्खा जिवाणू फळ्यावर खडूने आखायला सांगितले. त्याची लांबी सुमारे २ मीटर आली आणि दोघींना फळ्याच्या दोन टोकांना उभे राहावे लागले. याच हिशेबाने ६ मिलिमीटरचा तांदळाचा दाणा ६ किलोमीटर लांब होईल, हे एका मुलाने आपणहून काढले. त्या तासाला पाठ्यपुस्तक उघडलेच नाही.

आपण काय गाळले आहे, हेही आपण स्पष्टपणे सांगता, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. पाण्याचे रेणू काढले असते तर बाकी काही दिसलेच नसते, म्हणून ते या चित्रात नाहीत. रंगही आपण निवडलेले आहेत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० नॅनोमीटरच्या पुढची असल्याने २० नॅनोमीटरच्या कणाला नेहमीच्या अर्थाने रंग असा नसतो. कोणता रेणू कोणत्या कामाचा हे नजरेला सापडावे म्हणून सपाट रंग, शाईची बाह्यरेषा आणि सावल्यांचा अभाव. संशोधन समजावणाऱ्या चित्रात सौंदर्य कशासाठी हवे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या चित्रामुळे वर्गात प्रश्नही उठले. ‘एवढ्या गर्दीत प्रथिने हलतात तरी कशी?’ हा त्यातला सर्वांत चांगला. चित्र स्थिर असले तरी प्रत्यक्षात प्रत्येक रेणू उष्णतेमुळे सतत धक्के खात असतो आणि अंतरे इतकी लहान असतात की एखादे प्रथिन सेकंदाच्या लहानशा अंशात जिवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचू शकते, हे उत्तर देताना विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचा, जुना धडा मला नव्याने शिकवता आला.

फेब्रुवारी २०२० मध्ये आपण कोरोना विषाणूचे चित्र काढलेत, तेव्हा या विषाणूबद्दल फारच थोडे कळले होते आणि बराचसा आधार जुन्या सार्स विषाणूवरील संशोधनाचा होता. पुढे घरोघरी भीती वाढली, तेव्हा मी ते चित्र ऑनलाइन तासांना दाखवले. विषाणूच्या भोवती श्वसनमार्गातला श्लेष्मा आणि प्रतिपिंडेही आहेत, म्हणजे शरीराचा प्रतिकार त्याच चौकटीत दिसतो, हे पालकांनाही समजावता आले.

प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांसारख्या रेणूंच्या रचनांच्या खुल्या संग्रहासाठी जानेवारी २००० मध्ये मायोग्लोबिनपासून सुरू केलेल्या ‘महिन्याचा रेणू’ या सदराचा आणि तेथील आपल्या चित्रांचा उपयोग श्रेय देऊन कोणालाही विनामूल्य करता येतो. ज्या वर्गात तक्ते विकत घेण्यासाठी वेगळी तरतूद नसते, तिथे या मोकळेपणाचे महत्त्व फार मोठे आहे.

सध्या माझे विद्यार्थी ई. कोलायच्या चित्रातील भागांना मराठी नावे देत आहेत. तक्ता पूर्ण झाला की आपले व प्रोटीन डेटा बँकेचे नाव खाली स्पष्ट लिहून तो प्रयोगशाळेच्या दाराशेजारी लावणार आहोत, आणि त्याचे छायाचित्र आपल्याला पाठवू.

आपली ऋणी,
जीवशास्त्राची एक शिक्षिका