पंखा नवा, हुक मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर कमी विजेवर चालणाऱ्या पंख्यांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते आणि ते उपयुक्तही असते. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, डीसी विजेवर चालणाऱ्या) मोटरचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास पंखा चालणाऱ्या घरात एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे स्टार लेबल सक्तीचे झाल्यामुळे दुकानात तुलना करणेही सोपे झाले आहे. मात्र हा नवा पंखा ज्याला टांगायचा, त्या स्लॅबमधल्या हुकाची चौकशी या सगळ्या चर्चेत कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. ती आम्हीही केली नव्हती, म्हणून हे पत्र.

आमची इमारत डोंबिवलीत, १९८४ साली बांधलेली. गेल्या मार्चमध्ये निजायच्या खोलीतला जुना पंखा काढून नवा घेतला. खरेदीबरोबर मोफत जोडणी होती, त्याप्रमाणे कंपनीचा माणूस आला, स्टुलावर चढला, जुना पंखा उतरवून वीस मिनिटांत नवा फिरता करून दिला. हुकाबद्दल विचारले तेव्हा त्याने हाताने एक हिसका देऊन पाहिला आणि ‘काका, एकदम मजबूत आहे’ असे सांगून मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला. खोक्यात पंख्याबरोबर एक बारीक पोलादी दोरी होती, मुख्य आधार सुटला तर पंखा अधांतरी धरून ठेवण्यासाठी दिलेली. ती बांधायला दुसरा हुक लागतो आणि तो आमच्याकडे नाही, असे म्हणून त्याने ती खोक्यातच परत ठेवली.

आठ-दहा दिवसांनी पंखा शेवटच्या वेगावर ‘टक-टक’ करू लागला आणि रॉडसकट डोलू लागला. पाती एकमेकांशी जुळत नसतील, या समजुतीने आम्ही आमच्या गल्लीतल्या जुन्या वायरमनला बोलावले. त्यांनी प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर टेपने मोजले, ते सारखे भरले. मग काही न बोलता छताजवळची वाटी खाली सरकवली. गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर तांबूस भुगा पडला. हुकाचा खालचा बाक, ज्यावर शॅकलमधले (पंख्याचा रॉड हुकाला अडकवणाऱ्या कडीतले) रबरी रीळ बसते, तो झिजून निम्मा झाला होता. त्याहून वाईट अवस्था वरच्या भागाची होती. लोखंड जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटून हातात आले. बरोबर त्याखाली आमची उशी असते.

हा दोष नव्या पंख्याचा नव्हता आणि पूर्णपणे जोडणी करून गेलेल्या कंपनीच्या त्या माणसाचाही नव्हता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. आपल्याकडच्या आरसीसी इमारतींत पंख्याचा हुक स्लॅब भरण्यापूर्वी सळ्यांना अडकवून ठेवतात आणि नंतर तो काँक्रीटमध्ये कायमचा गाडला जातो. काँक्रीट कोरडे आणि घट्ट असेल तर आतले लोखंड वर्षानुवर्षे टिकते; परंतु वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून ओल झिरपत असेल, किंवा आमच्यासारखी खाडीकाठची दमट हवा असेल, तर गंज नेमका हुकाच्या मानेशी धरतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे भोवतीचे काँक्रीट फुगून तडकते, त्या तड्यांतून आणखी ओल जाते आणि गंज वाढत राहतो. हे सगळे वाटीच्या आड चालते. वाटीने झाकलेली ती चार इंच जागा पाहण्याची वेळ एरवी कोणावरही येत नाही, रंगकाम करणाऱ्यावरसुद्धा नाही. तो वाटीवरूनच ब्रश फिरवतो.

खुद्द पंख्याचे वजन फारसे नसते, साधारण चार ते सहा किलो. म्हणूनच लोक निर्धास्त असतात. परंतु हुकावर ते वजन भिंतीवरच्या तसबिरीसारखे स्थिर लटकत नाही. पंखा मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतो, पाती किंचित असमतोल असली तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो, आणि शॅकलमधले रबर कडक होऊन फुटले असेल तर लोखंडावर लोखंड घासते. आमच्या जुन्या पंख्याचे रबर कधीच भुगा होऊन गेले होते, हे आता लक्षात येते.

आता प्रश्न असा की हे पाहणे कोणाचे काम? वीजविषयक नियमांत घरातील जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेण्याची अट आहे, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच नुसते बदलण्याला त्यातून सूट आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पंखा बदलणे हे दिवा बदलण्याच्या पंक्तीत बसते. विजेच्या बाजूने ते बरोबरही असेल. परंतु दिवा डोक्यावर पडून कोणाचे कपाळ फुटत नाही. दुसरीकडे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आमच्या इमारतीची अशी तपासणी झालेली आहे. तज्ज्ञ घरोघरी आले, खांब आणि तुळयांवर हातोडीचे यंत्र आपटून आकडे घेतले, छताच्या तड्यांची छायाचित्रे काढली. पंखा त्या वेळी डोक्यावर फिरत होता, पण एकाही खोलीतली वाटी उतरवली गेली नाही. हुक स्लॅबचा म्हणावा तर तो तपासणीत नाही, पंख्याचा म्हणावा तर तो खोक्यात येत नाही, अशी ही अवस्था आहे.

माझी पहिली विनंती कंपन्या आणि विक्रेत्यांना आहे. मोफत जोडणीच्या कागदावर ‘हुक वाटी काढून पाहिला, भार देऊन तपासला’ अशी एक ओळ आणि त्यासमोर जोडणाऱ्याची सही असावी. आमच्या वायरमनने जुना हुक मुळाशी कापून टाकला, ती खराब जागा सोडून भरीव काँक्रीटमध्ये नवा अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून आत घट्ट रुतवायचा बोल्ट, बसवला (प्लास्टरमध्ये बसवलेला अँकर हा नुसता देखावा असतो, हे त्यांचे शब्द), आणि पंखा चढवण्याआधी वीस-वीस लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या रात्रभर त्याला टांगून ठेवल्या. आम्ही ती रात्र दिवाणखान्यात झोपून काढली. एवढा वेळ कंपनीच्या माणसाला नसतो हे मान्य आहे. मग निदान ‘हुक तपासलेला नाही’ असे तरी त्याने लिहून द्यावे. सुरक्षा दोरीचेही तसेच. दुसरा हुक नसेल तर त्यासाठी वेगळा अँकर ठोकण्याचे पैसे ग्राहक देईल, फक्त त्याला तसे विचारायला हवे.

दुसरी विनंती संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांना. पुढची संरचनात्मक तपासणी ठरवताना तज्ज्ञाच्या कामाच्या यादीत पंख्याच्या हुकांचा समावेश करावा. निदान सर्वांत वरचा मजला आणि ज्या घरांच्या छतावर न्हाणीघराची ओल आहे ती घरे तरी सुटू नयेत. पीओपीचे खोटे छत केलेल्या घरांत तर हुक वर्षानुवर्षे कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, आणि तिथे लांब रॉडवर टांगलेल्या पंख्याचा हिसका अधिक बसतो.

जाता जाता उंचीविषयी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पंख्याचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किमान २.४ मीटर वर आणि पाती छतापासून किमान ३०० मिलिमीटर खाली हवीत. नऊ फुटी खोलीत या दोन्ही अटी जेमतेम बसतात, पीओपी आल्यावर बसत नाहीत. तरीही दुकानात रॉडची लांबी आम्हाला कोणी विचारली नाही.

आमचा जुना हुक मी संस्थेच्या कार्यालयात, सूचना फलकाखालच्या टेबलावर ठेवला आहे. तो पाहून शेजारच्या दोन घरांनी आपापल्या पंख्यांच्या वाट्या उतरवून घेतल्या. त्यांपैकी एका घरात पाळण्याच्या वरचा पंखा त्याच दिवशी काढून खाली ठेवावा लागला.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)